पात्स्क्वारो पायी पाहताना: पैसे कुठे वाचवायचे, कुठे मोकळ्या हाताने द्यायचे

पात्स्क्वारोच्या मोठ्या चौकात पहिल्यांदा उभं राहिलं की काहीतरी वेगळं आहे एवढं जाणवतं, पण नेमकं काय ते चटकन सांगता येत नाही. थोड्या वेळाने उलगडा होतो: इथे चर्च नाही. स्पॅनिश अमलात वसलेल्या मेक्सिकोतल्या बहुतेक गावांत मुख्य चौकाच्या एका बाजूला चर्च ठाण मांडून असतं. इथे मात्र चारही बाजूंना कमानींचे ओटे आणि जुने वाडे आहेत, मधे उंच झाडांची सावली, आणि कारंज्यापाशी वास्को दे किरोगा या बिशपचा पुतळा. चर्च आहे, पण ते वर टेकाडावर.

मिचोआकान राज्यातलं हे गाव त्याच नावाच्या तळ्याजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१४० मीटर उंचीवर आहे. म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही जवळपास ८०० मीटर वर. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी सुट्टीत मेक्सिकोला जातात ती बहुतेक कॅनकूनच्या किनाऱ्यावर. तिथल्या दोन रात्रींच्या खर्चात इथे तीन-चार दिवस आरामात निघतात, आणि पाहण्यासारखं जे आहे त्यातलं निम्म्याहून अधिक तिकीट न काढता पाहता येतं. माझा हिशेब साधा आहे. जे दगडात, झाडांत आणि भिंतींवर आहे ते फुकट पाहावं; आणि ज्याला आज कुणाचे तरी हात लागले आहेत, त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. पुढचे तीन दिवस याच हिशेबाने आखले आहेत.

निघण्यापूर्वी

आधी सुरक्षिततेबद्दल, कारण ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मिचोआकानच्या काही भागांत संघटित गुन्हेगारी गंभीर आहे आणि अनेक देशांच्या सरकारांनी या राज्याबद्दल आपल्या नागरिकांना इशारे दिलेले आहेत. पात्स्क्वारोत पर्यटक वर्षभर येतात, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. तिकीट काढण्यापूर्वी ताज्या सूचना वाचा. तिथे पोचल्यावर तीन नियम पाळा: गावाबाहेरचा प्रवास फक्त दिवसा, लांबचा प्रवास टोल रस्त्याने जाणाऱ्या चांगल्या बसने, आणि तळ्याकाठच्या खेड्यांतून अंधार पडण्याच्या आत परत. कुठल्याही नव्या वाटेवर जाण्याआधी राहत्या जागेच्या मालकिणीला विचारा. त्या दिवशी त्या रस्त्याची काय परिस्थिती आहे हे तिच्याइतकं कुठलंही ॲप सांगू शकत नाही.

व्हिसाचं: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर सध्याच्या नियमांनुसार पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. हे नियम बदलतात, म्हणून मेक्सिकन वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. आणि अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असाल तर परतताना तुमच्या पासपोर्टवरचा शिक्का चालू असेल ना, हे जाण्याआधी तपासा. मेक्सिकोत शिरण्यापेक्षा परत येणं अवघड होऊन बसलेली माणसं आहेत.

कधी जावं? जून ते सप्टेंबर पाऊस असतो, पण तो बहुधा दुपारनंतर कोसळतो. सकाळ मोकळी मिळते आणि डोंगर हिरवेगार असतात. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. जुन्या इमारतींतल्या खोल्या गरम केलेल्या नसतात, तेव्हा एक जाड स्वेटर हवाच. फेब्रुवारी ते एप्रिल कोरडे महिने आहेत, चालायला उत्तम.

ऑक्टोबरचा शेवट हा वेगळाच काळ. १ आणि २ नोव्हेंबरला इथे ‘नोचे दे मुएर्तोस’, म्हणजे मृतांची रात्र पाळतात. कुटुंबं रात्रभर स्मशानात आपल्या माणसांच्या कबरींपाशी मेणबत्त्या लावून, जेवणाची ताटं मांडून बसतात, आणि सगळीकडे झेंडू. आपण दसऱ्याला दारावर ज्याचं तोरण लावतो तो झेंडू मुळात मेक्सिकोचाच, तिथलं त्याचं नाव ‘सेंपासूचिल’. ही रात्र पाहण्यासारखी आहे यात शंका नाही, पण कमी खर्चाच्या प्रवाशासाठी नाही. खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात, महिनोन् महिने आधी नोंदणी लागते, आणि तळ्यातल्या हानित्सिओ बेटावर इतकी गर्दी होते की जिथे शांत बसायचं तिथे माणसं माणसांना ढकलत असतात. त्यापेक्षा २५ ऑक्टोबरच्या सुमारास जा आणि ३० तारखेला निघा. झेंडूची गाठोडी बाजारात येताना दिसतील, मोठ्या चौकात कारागिरांचा बाजार भरू लागलेला असेल, आणि कुणाच्या दुःखात कॅमेरा घेऊन उभं राहावं लागणार नाही.

पैशांचं: एक पेसो म्हणजे ढोबळमानाने पाच रुपये धरा. बाजारात आणि काँबीत, म्हणजे इथल्या शेअर व्हॅनमध्ये, कार्ड चालत नाही. एटीएममधून ५०० च्या नोटा निघतात आणि त्या मोडायला कुणी तयार नसतं, म्हणून सकाळचं पहिलं काम मोठ्या दुकानातून काहीतरी घेऊन सुटे करून ठेवणं. सार्वजनिक स्वच्छतागृहालाही नाणी लागतात.

पोचायचं कसं

मोरेलिया हे राज्याच्या राजधानीचं शहर साधारण ६० किलोमीटरवर आहे. तिथल्या विमानतळावर अमेरिकेतल्या काही शहरांतून थेट विमानं येतात. मोरेलियाच्या बसस्थानकावरून पात्स्क्वारोला दिवसभर गाड्या सुटतात आणि तासाभरात पोचवतात. मेक्सिको सिटीहून यायचं तर शहराच्या पश्चिमेकडच्या बसस्थानकावरून गाडी पकडा. सुमारे पाच तास लागतात. सकाळची गाडी घ्या, म्हणजे उजेडात पोचाल.

पात्स्क्वारोचं बसस्थानक गावाच्या कडेला आहे. बाहेर पडलं की टॅक्सीवाले पुढे येतील, पण काचेवर ‘सेंत्रो’ लिहिलेली पांढरी व्हॅन दिसली की हात करा. हीच काँबी. आपल्याकडच्या शेअर जीपसारखी, फक्त ठरलेल्या मार्गावर धावणारी. भाडं दहा-पंधरा पेसोंच्या घरात, चालकाच्या हातात द्यायचं. मागे बसलात तर पैसे पुढच्या माणसाकडे द्या, ते हातोहात जातात आणि सुटेही तसेच परत येतात. उतरायचं असेल तेव्हा मोठ्याने ‘बाहान, पोर फाव्होर’ म्हणा.

एक गोंधळ आधीच दूर करते. ‘तळ्याकाठचं गाव’ ऐकून माणूस खिडकीतून पाणी दिसेल अशी खोली शोधतो. जुनं गाव आणि धक्का यांत तीन-चार किलोमीटरचं अंतर आहे. राहायचं ते जुन्या गावातच, दोन चौकांच्या आसपास. धक्क्याजवळच्या स्वस्त खोलीत राहिलात तर वाचलेले पैसे येण्याजाण्यात जातील, आणि संध्याकाळ हातची निसटेल. गावात जुन्या वाड्यांतली साधी अतिथीगृहं बरीच आहेत. पैसे देण्याआधी खोली पाहायला मागा. इथे त्याचं कुणाला वावगं वाटत नाही. गरम पाणी किती वाजता येतं आणि जादा ब्लँकेट आहे का, हे दोन प्रश्न विसरू नका.

पहिला दिवस: फक्त पायी

सकाळी आठला मोठ्या चौकातून सुरुवात करा. या चौकाचं नाव ‘प्लासा वास्को दे किरोगा’, लोक नुसतं ‘प्लासा ग्रांदे’ म्हणतात. इमारतींकडे नीट पाहा. सगळ्या भिंती वर पांढऱ्या आणि खाली विटकरी लाल पट्ट्याच्या, वर कौलं. दुकानांच्या पाट्यासुद्धा एकाच पद्धतीच्या: अक्षरं काळी आणि पहिलं अक्षर लाल. बँक असो की केशकर्तनालय, सगळ्यांना तोच नियम. कौलांखाली पुढे आलेले लाकडी वासे पाहताना कोकणातली घरं आठवतात.

पुतळा ज्याचा आहे त्या माणसाला थोडा वेळ द्यायला हवा, कारण पुढच्या तीन दिवसांत तो पदोपदी भेटणार आहे. किरोगा मुळात वकील. १५३१ मध्ये न्यायाधीश म्हणून मेक्सिकोत आला. त्याच्या आधी नुन्यो दे गुस्मान नावाच्या क्रूर अधिकाऱ्याने या भागात हैदोस घातला होता. पुरेपेचा या इथल्या मूळ लोकांचा शेवटचा राजा तांगाशुआन दुसरा याला १५३० मध्ये हाल करून मारलं होतं. लोक गावं सोडून डोंगरात पळाले होते. अशा वेळी किरोगाला मिचोआकानचा बिशप नेमलं. थॉमस मोरच्या ‘यूटोपिया’ या ग्रंथातली आदर्श समाजाची कल्पना त्याने मनावर घेतली आणि सामायिक जमीन, इस्पितळ, शाळा असलेल्या वसाहती उभ्या केल्या. तळ्याभोवतीच्या एकेका गावात एकेक कला रुजली ती त्याच्यामुळे, असं इथे प्रत्येक जण सांगतो. कारागिरी पुरेपेचांकडे आधीपासून होती, हे मात्र विसरू नये. तांबं वितळवणं त्यांना कुणा बिशपने शिकवलं नाही. त्याने गावांची विभागणी आणि बाजार बसवला. लोक त्याला अजून ‘ताता वास्को’ म्हणतात. ताता म्हणजे वडील, आपल्या ‘तात’सारखंच.

चौकातून उत्तरेकडे एकाच गल्लीवर छोटा चौक लागतो, ‘प्लासा चिका’. अधिकृत नाव हेर्त्रुदिस बोकानेग्रा हिचं. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात बंडखोरांना मदत केली म्हणून या गावातच तिला गोळ्या घालून मारलं. चौकाच्या कडेला, जुन्या आगुस्तीनी चर्चच्या इमारतीत सार्वजनिक वाचनालय आहे, तेही तिच्याच नावाचं. पात्स्क्वारोत एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ती ही पाहा. प्रवेश फुकट.

आत शिरलं की लांबलचक दालन, पुस्तकांची कपाटं, अभ्यास करणारी शाळेची मुलं, आणि समोरची अख्खी भिंत भरून हुआन ओ’गॉर्मनने १९४१-४२ मध्ये रंगवलेला मिचोआकानचा इतिहास. हा ओ’गॉर्मन म्हणजे मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या ग्रंथालयावर दगडी तुकड्यांची चित्रं जडवणारा वास्तुकार. इथलं भित्तिचित्र वरून खाली वाचायचं. वर पुरेपेचांच्या देवकथा आणि ज्वालामुखींचा प्रदेश. त्याखाली त्यांचं राज्य आणि अस्तेकांशी (ॲझ्टेकांशी) झालेली युद्धं. अस्तेकांना हे राज्य कधीच जिंकता आलं नाही. मधोमध स्पॅनिश आक्रमण आणि राजाचा छळ, पाहवत नाही इतका उघड. मग ताता वास्को. सर्वांत खाली, नजरेच्या पातळीवर, स्वातंत्र्ययुद्ध आणि क्रांती: स्वातंत्र्ययुद्धातला मोरेलोस, क्रांतीतला सापाता, आणि बोकानेग्राचा शेवट. आधी दाराजवळून दहा मिनिटं पूर्ण चित्र पाहा, मग पुढे जाऊन एकेक चेहरा. मुलं वाचत असतात, म्हणून बोलणं हळू आणि फ्लॅश बंद. सकाळी गेलात तर उजेड चांगला असतो. शनिवार-रविवारी वेळा कमी असतात, म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

तिथून चढावर दहा मिनिटांत ‘बासीलिका दे नुएस्त्रा सेन्योरा दे ला सालूद’. किरोगाला इथे पाच दालनांचं प्रचंड कॅथीड्रल बांधायचं होतं. उभं राहिलं एकच. आतली आरोग्यमातेची मूर्ती लाकडाची किंवा दगडाची नाही. मक्याच्या ताटांचा गर आणि ऑर्किडच्या कंदांचा चिकट रस एकत्र करून केलेल्या लगद्याची आहे. पुरेपेचा लोक आपल्या देवतांच्या मूर्ती अशाच घडवत, म्हणजे युद्धात उचलून नेता येतील इतक्या हलक्या. धर्म बदलला, हात तेच राहिले. किरोगाची समाधी याच चर्चमध्ये आहे. लोक गुडघ्यांवर चालत देवीपर्यंत जाताना दिसतील. त्यांचे फोटो काढू नका.

या चर्चशी जोडलेल्या जोगिणींबद्दलही सांगायलाच हवं. पात्स्क्वारोच्या तळ्यात ‘अचोके’ नावाचा एक सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर, आहे, जगात फक्त याच तळ्यात. डोमिनिकन जोगिणी त्याच्यापासून खोकल्याचं औषध करत आल्या. तळ्यातले अचोके संपत चालले तेव्हा त्यांनी मठातच टाक्या ठेवून त्यांची पैदास सुरू केली, आणि आज या प्राण्याला जगवण्याच्या कामात शास्त्रज्ञ त्यांची मदत घेतात. मठ पर्यटनासाठी उघडा नाही. पण पुढे तळ्यावर गेल्यावर पाणी मागे हटलेलं दिसेल तेव्हा ही गोष्ट आठवेल.

उतरताना ‘कासा दे लोस ओन्से पातिओस’कडे वळा. नाव ‘अकरा अंगणांचं घर’, अंगणं आता तेवढी उरलेली नाहीत. अठराव्या शतकातला जोगिणींचा हा मठ आता कारागिरांच्या दुकानांनी भरलेला आहे. प्रवेश फुकट, आणि काम करणाऱ्यांपाशी उभं राहून पाहण्याला कुणाची हरकत नसते. हातमागावर कापड विणणं चालू असतं. लाकडी ताटांवर काळा लाखेचा थर देऊन त्यावर सोन्याच्या वर्खाने बारीक नक्षी काढणारे कारागीर असतात. सावंतवाडीची लाखकाम केलेली गंजिफा पाहिली असेल तर इथे पाय अडखळणारच. भाव जास्त वाटला तर घेऊ नका. पण ज्या माणसाने तुमच्यासमोर तासभर एका फुलाच्या पाकळ्या भरल्या, त्याला ‘अर्ध्यात देणार का’ विचारू नका.

शेजारचं लोककला संग्रहालय १५४० मध्ये किरोगाने काढलेल्या सान निकोलास विद्यालयाच्या इमारतीत आहे. थोडं तिकीट आहे आणि ते वसूल होतं, कारण पुढे गावोगाव काय पाहायचं ते इथे कळतं. रविवारी फुकट असतं असं वाचून बरेच लोक येतात आणि हिरमुसतात. पुरातत्त्व खात्याची रविवारची सवलत मेक्सिकन नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांना आहे, परदेशी पर्यटकांना नाही.

संध्याकाळी पुन्हा मोठ्या चौकात. शनिवार-रविवारी ‘दान्सा दे लोस व्हिएहितोस’ बघायला मिळतो, म्हणजे म्हाताऱ्यांचा नाच. गुलाबी हसऱ्या म्हाताऱ्याचे मुखवटे, रंगीत फितींच्या टोप्या, हातात काठी आणि पायात लाकडी तळांच्या चपला. आधी कंबर धरून खोकत येतात आणि मग दगडी फरशीवर असा ठेका धरतात की मुखवट्याआड बारा वर्षांचा पोरगा आहे हे लगेच कळतं. शेवटी टोपी फिरते. तेव्हा पाठ फिरवून चालू लागू नका. वीस पेसो टाका. दिवसभरात तुम्ही जेमतेमच काही खर्च केलंय.

खायचं काय, आणि शाकाहाऱ्यांनी काय विचारायचं

चौकाच्या कमानींखालच्या उपाहारगृहांत एकदा कॉफी घ्या, जेवण मात्र प्लासा चिकाला लागून असलेल्या मंडईत. सकाळी वाफाळतं ‘आतोले’, म्हणजे मक्याची पातळ गोड लापशी. त्याबरोबर ‘कोरुंदा’: मक्याच्या हिरव्या पानात गुंडाळून उकडलेला तिकोनी मुटका, वर साय आणि तिखट सॉस. हळदीच्या पानातले पातोळे खाल्लेल्याला पान सोडवतानाच वास ओळखीचा वाटतो. ‘उचेपो’ कोवळ्या मक्याचा, मऊ आणि गोडसर.

शाकाहारी मंडळींनी इथे सावध असावं. ‘सिन कार्ने’ म्हटलं की भागतं असं समजू नका, कारण ‘कार्ने’ म्हणजे बहुतेकांच्या लेखी गोमांस किंवा डुकराचं मांस. कोंबडी त्यात येईलच असं नाही. दुसरं म्हणजे ‘मान्तेका’, डुकराची चरबी. कोरुंदाच्या पिठात ती सर्रास असते, घेवड्याच्या उसळीतही. विचारायचं ते असं: ‘येव्हा मान्तेका?’ मान होकारार्थी हलली की पुढच्या टोपलीकडे. उचेपो बऱ्याचदा लोण्यात-सायीत केलेले मिळतात, पण तिथेही विचारा. ‘सोपा तारास्का’ हे इथलं प्रसिद्ध घेवड्याचं सूप. त्यात कोंबडीचा रस्सा, ‘काल्दो दे पोयो’, असतो का ते विचारून घ्या. भोपळ्याच्या फुलांची किंवा चीजची केसादिया, निवडुंगाची भाजी ‘नोपालेस’, उकडलेली कणसं, फळं: एवढ्यावर दिवस नीट जातो.

मका खाताना एक मराठी नाव आठवल्याशिवाय राहत नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे देशाबाहेर पडून अखेर मेक्सिकोत स्थिरावले, तिथल्या चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. तेही फुकट पाहता येतं. परतीच्या वाटेवर राजधानीत दिवस असेल तर जरूर जा.

मांसाहारी असाल तर रात्री प्लासा चिकाच्या गाड्यांवर ‘पोयो प्लासेरो’ घ्या: लाल सॉसमधल्या एन्चिलादा, वर परतलेले बटाटे-गाजर आणि कोंबडी. एका ताटात दोघांचं होतं. तळ्यातल्या ‘पेस्कादो ब्लांको’ या पांढऱ्या माशाची मोठी ख्याती आहे, पण तो फार उरलेला नाही. मागवू नका. त्याऐवजी कुरकुरीत तळलेले ‘चारालेस’ घ्या, आपल्या सुकटाच्या जातकुळीतले.

आणि ‘निएवे दे पास्ता’. दूध आटवून केलेलं हे आइस्क्रीम मोठ्या चौकाच्या ओट्यांवर मिळतं. बासुंदीची कड लागलेली चव आवडणाऱ्यांनी चुकवू नये.

दुसरा दिवस: वरून तळं, मग तळ्यात

गावाच्या पश्चिमेला ‘एल एस्त्रिबो’ नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. मोठ्या चौकातून निघालं की सरूच्या झाडांतून जाणारा दगडी रस्ता सुमारे तासाभरात वरच्या कठड्यापर्यंत नेतो. तिथून अख्खं तळं, त्यातली बेटं आणि पलीकडचे डोंगर दिसतात. आणखी दम असेल तर तिथून पायऱ्या चढून थेट माथ्यावर. खर्च काही नाही. जायचं सकाळीच, स्थानिक लोक चालायला-पळायला येतात त्या वेळेला, आणि एकट्याने नाही. उंचीमुळे पहिल्याच दिवशी धाप लागते, म्हणूनच हे मी दुसऱ्या दिवशी ठेवलंय. पाणी सोबत घ्या. नळाचं पिऊ नका.

खाली येऊन प्लासा चिकावरून ‘लागो’ किंवा ‘मुएये’ लिहिलेली काँबी पकडा. धक्क्यावर हानित्सिओ बेटाची परतीसकट तिकिटं खिडकीवर ठरलेल्या दराने मिळतात. वाटेत कुणी ‘खास बोट’ देऊ करेल, तर नको म्हणा; खिडकीवरच्या बोटीतून सगळे जातात. तिकीट परत येईपर्यंत जपून ठेवा. अर्ध्या तासाच्या प्रवासात बोटीवर गाणारे येतात. बेट जवळ आलं की होड्यांतले कोळी फुलपाखराच्या पंखांसारखी जाळी उचलून दाखवतात. या जाळ्यांनी आता मासेमारी जवळपास होत नाही, हे पर्यटकांसाठीच असतं, आणि ते नाणी मागतात. मी देते. ५० पेसोच्या जुन्या नोटेवर याच जाळ्यांचं चित्र होतं. ज्यांच्या चित्राने देशाची नोट सजली त्यांचं तळं आटतंय, ही त्यांची चूक नाही.

बेटाच्या माथ्यावर होसे मारिया मोरेलोस या स्वातंत्र्ययोद्ध्याचा ४० मीटर उंच दगडी पुतळा आहे, १९३० च्या दशकात मेक्सिकोचे नेते लासारो कार्देनास यांच्या प्रेरणेने उभारलेला. पायथ्यापर्यंत दुकानांमधून पायऱ्याच पायऱ्या. आत शिरायला थोडे पैसे पडतात. आतून गोल जिना चढत जातो आणि भिंतींवर मोरेलोसचं आयुष्य चित्रांत उलगडत जातं. अगदी वर, उगारलेल्या मुठीत, झरोका आहे. उंचीचं भय असणाऱ्यांनी मनगटाच्या खालीच थांबावं, जिना फार अरुंद होतो.

खरं सांगायचं तर हानित्सिओ गजबजलेलं आहे. ज्यांना शांतता हवी त्यांनी युनुएन बेटाची चौकशी करावी. तिथे बोटी कमी जातात, म्हणून परतीची वेळ आधी पक्की करूनच चढा.

तिसरा दिवस: दोन गावांपैकी एक

दोन्ही एका दिवसात कोंबू नका. दोन्हीकडे बसस्थानकावरून काँबी आणि साध्या बस जातात.

त्सिन्त्सुन्त्सान ही पुरेपेचा राज्याची राजधानी होती. नावाचा अर्थ ‘हमिंगबर्ड पक्ष्यांची जागा’, आणि ते नाव म्हणजे त्या इवल्या पक्ष्याच्या पंखांचा आवाजच. टेकडीवर प्रचंड ओट्यावर ओळीने पाच ‘याकाता’ उभ्या आहेत, अर्धगोल आणि चौकोन एकत्र केलेले दगडी चौथरे. तिकीट आहे. ते वाचवायचं असेल तर खाली गावात या. जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या आवारात ऑलिव्हची पिळवटलेली, पोकळ खोडांची झाडं आहेत. ती किरोगाने लावली असं परंपरा सांगते. त्यांच्या सावलीत बसायला पैसे पडत नाहीत. बाहेरच्या बाजारात गव्हाच्या काडाच्या आणि तळ्यातल्या लव्हाळ्याच्या वस्तू मिळतात: हलक्या, स्वस्त, आणि सामानात न मोडणाऱ्या.

सान्ता क्लारा देल कोब्रे दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर. कोब्रे म्हणजे तांबं. पुण्यातल्या तांबट आळीत कधी उभे राहिला असाल तर गावात शिरताच तो ठोक्यांचा नाद कानांना लगेच कळेल. मला दोनपैकी एकच निवडायला सांगितलं तर मी इथे येईन. रस्त्यावरची दुकानं सोडून मागच्या कार्यशाळेत ‘से पुएदे व्हेर?’, म्हणजे ‘पाहता येईल का?’, एवढं विचारा. बहुतेक ठिकाणी आत बोलावतात. भट्टीत लाल झालेला तांब्याचा जाड गोळा ऐरणीवर येतो आणि तीन-चार जण पाळीपाळीने घण घालतात. एकाचा घण उचलला जातो तोच दुसऱ्याचा पडतो, आणि कुणी कुणाला ‘आता तू’ म्हणत नाही. त्या एका गोळ्यातून, जोड न देता, कडांसकट घडा निघतो. पाहण्याचे पैसे कुणी मागत नाही.

इथे मात्र पाकीट उघडा. तीन दिवसांत वाचवलेले पैसे याच कामासाठी होते. लहानशी वाटी घ्या, पण भट्टीवर काम करणाऱ्याच्या हातून घ्या. वजनाला जड आणि आतून ठोक्यांच्या खुणा दिसणारी असेल ती हाताने घडवलेली. पत्र्यासारखी हलकी आणि गुळगुळीत असेल ती बहुधा यंत्रावरची. वाटीत खाण्याचे पदार्थ ठेवायचे असतील तर तसं सांगा, कारण आतून कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवता येत नाही, हे तिथल्या कारागिराला आपल्या आजीइतकंच माहीत असतं.

परतीची काँबी दुपारी चारच्या आत पकडा. पाचपर्यंत प्लासा ग्रांदेत पोचाल. तेव्हा ऊन कलतं आणि पांढऱ्या भिंती पिवळसर होतात. निएवेची गाडी त्या वेळी उघडी असते.